‘पर्मिएट’ला एकच मराठी शब्द मागू नका

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून मुंबईत एक जुना वाद पुन्हा तापला आहे. इंग्रजी शब्द तसेच वापरायचे, की प्रत्येकाला मराठी प्रतिशब्द काढायचा? सोसायटीच्या सूचनाफलकावरून, पालिकेच्या पत्रकावरून, शाळेच्या पुस्तकावरून, बातमीतल्या एखाद्या वाक्यावरून हा वाद रोज कुठे ना कुठे पेटतो. ‘पर्मिएट’, म्हणजे एखाद्या गोष्टीत शिरून तिच्यातून आरपार पसरणं, हा त्यातला नेहमीचा शब्द. एक बाजू म्हणते, ‘पर्मिएट’च लिहा, सगळ्यांना कळतं, उगाच भाषेला कोंडू नका. दुसरी बाजू ‘पारगमन’, ‘अभिव्यापन’ असे शब्द पुढे करते आणि ते न वापरणाऱ्याला मराठीद्रोही ठरवते. मला दोन्ही बाजूंची मांडणी चुकीची वाटते, आणि चूक एकच आहे. एका इंग्रजी शब्दासमोर मराठीत एकच रिकामी जागा आहे, असं दोघेही धरून चालतात. तिथे इंग्रजी शब्द ठेवायचा की संस्कृत, एवढाच त्यांचा झगडा. माझं म्हणणं असं की ती जागा मुळात रिकामी नाही आणि ती एकही नाही. जे काम इंग्रजीत ‘पर्मिएट’ करतो, ते मराठीत मुरणं, झिरपणं, पाझरणं, भिनणं, जिरणं, दरवळणं, भरून राहणं ही क्रियापदं वाटून घेतात, आणि पुष्कळदा इंग्रजीपेक्षा नेमकं करतात. शास्त्राच्या परिभाषेची गरज निराळी आहे. तिचा मान राखूनही सांगतो, रोजच्या लेखनात ‘पर्मिएट’ला एक ठरलेला प्रतिशब्द नको.

आधी इंग्रजी शब्दच नीट पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो पाहतात. ‘पर्मिएट’ लॅटिनमधल्या ‘पेर’ म्हणजे आरपार आणि ‘मेआरे’ म्हणजे जाणं यांपासून आला. त्याचा जवळचा भाऊ ‘परव्हेड’. त्यातही तोच ‘पेर’ आहे, पुढे ‘वादेरे’, म्हणजे पुन्हा जाणं, चालणं. ‘इन्व्हेड’ याच ‘वादेरे’चा. दोन्ही शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत रुळले. मूळ अर्थ जवळजवळ सारखा असला तरी वापरात फरक पडला. ‘पर्मिएट’ म्हणताना ज्यात शिरायचं तो पदार्थ डोळ्यांसमोर असतो: त्याची छिद्रं, त्याच्या फटी, त्यातून हळूहळू पुढे सरकणारं पाणी, तेल, वायू किंवा विचार. ‘परव्हेड’ म्हणताना वाट दिसत नाही, परिणाम दिसतो. कुठल्याही कोपऱ्यात गेलात तरी ती गोष्ट तिथे आहेच. ‘परव्हेसिव्ह’ या विशेषणाला तर बहुतेक वेळा वाईट छटा असते. भीती, भ्रष्टाचार, दुर्गंधी यांना ते लावतात, आनंदाला क्वचितच. व्याकरणाचाही एक बारकावा आहे. ‘पर्मिएट’च्या पुढे थेट कर्म येतं किंवा ‘थ्रू’ येतो, ‘परव्हेड’पुढे मात्र थेट कर्मच येतं. आपल्याकडचे विद्यार्थी इंग्रजीत ‘परव्हेड’ला हटकून ‘इन’ जोडतात. कारण सरळ आहे. मनात ‘घरात वास भरला’ हे वाक्य असतं आणि ‘घरात’मधली सप्तमी त्या ‘इन’च्या रूपाने इंग्रजीत उतरते. त्या चुकीतूनही कळतं की मराठी माणसाच्या डोक्यात या कल्पनेचा साचा आधीच तयार आहे. तो फक्त वेगळ्या घडणीचा आहे.

आणि तो आजचाही नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मीठ पाण्यात टाकायला सांगतो. सकाळी म्हणतो, ते मीठ आण. मीठ हाताला लागत नाही. मग तो पाणी वरून, मधून, तळातून चाखायला लावतो, आणि तिन्हीकडून ते खारटच लागतं. ‘परव्हेड’ची याहून स्वच्छ व्याख्या मला माहीत नाही: वेगळं काढून दाखवता येत नाही, पण जिथून चाखाल तिथे आहे. गीतेतल्या ‘येन सर्वमिदं ततम्’मधल्या ‘ततम्’साठी इंग्रजी भाषांतरकार वारंवार ‘परव्हेडेड’ वापरतात. हा ‘ततम्’ ताणणं, विणणं या अर्थाच्या धातूचा. ‘तंतू’ त्याच घरचा. आपण सहज म्हणतो ते ‘ओतप्रोत’ही विणकामातलं आहे: उभ्या धाग्यांत आणि आडव्या धाग्यांत विणलेलं. ज्या शहरात गिरणगाव उभं राहिलं, जिथे ताणा आणि बाणा हे शब्द हजारो घरांत रोज बोलले गेले, तिथल्या माणसाला हा शब्द कळायला कोशाची गरज पडू नये. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी आहे आणि म्हणून शब्दही परका हवा, हे म्हणणं टिकत नाही.

आता मुंबईतलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ: पावसाळ्यातली घरं. या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. जून संपता संपता सोसायटीच्या कार्यालयात तक्रारअर्जांचा गठ्ठा साचतो, आणि बहुतेक अर्जांत एकच शब्द असतो, ‘लीकेज’. फार तर ‘सीपेज’. इथे उसनवार शब्द नुकसान करतो, कारण तो चार वेगळ्या दुखण्यांना एक नाव देतो. मराठीत ती चार दुखणी चार क्रियापदांनी वेगळी होतात. पाणी गळतं, तेव्हा ते भोकातून, सांध्यातून, फुटलेल्या पाइपातून थेंबाथेंबाने पडतं. पावसाच्या पाण्याची गळती पाऊस थांबल्यावर लवकरच थांबते आणि तिचा उगम सहसा जवळच सापडतो. पाणी झिरपतं, तेव्हा ते स्लॅबच्या किंवा भिंतीच्या अंगातून येतं. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दिसतं आणि पाऊस उघडल्यावरही चालू राहतं. पाणी पाझरतं, तेव्हा पृष्ठभागावर सगळीकडून बारीक ओलसर थर येतो, एक ठिकाण बोटाने दाखवता येत नाही. आणि ओल चढते, ती खालून वर. तळमजल्याच्या भिंतीत जमिनीतलं पाणी बारीक केशनलिकांतून वर ओढलं जातं, साधारण कंबरेच्या उंचीपर्यंत आडवी रेघ उमटते, रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरा क्षार फुलतो. गच्चीवर कितीही लेप दिला तरी चढणारी ओल थांबणार नाही. जो रहिवासी अर्जात ‘लीकेज’ न लिहिता ‘पाऊस थांबल्यावरही दोन दिवस झिरपत राहतं’ असं लिहितो, त्याने अर्धं निदान करून दिलेलं असतं.

पाचवं क्रियापद सगळ्यांत महत्त्वाचं, मुरणं. मुंबईतल्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल, त्यावर गुळगुळीत गिलावा, आणि पाणी जाळीकडे जावं म्हणून उतार. वरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग गेली की पाणी आत शिरतं आणि विटांच्या तुकड्यांत मुरतं. ते तिथेच साठून राहतं आणि उतारावरून आडवं सरकत स्लॅबमध्ये जिथे कमजोर जागा मिळेल तिथून झिरपतं. म्हणून पाणी मुरतं एका घराच्या डोक्यावर आणि झिरपतं दुसऱ्याच घराच्या छतात. छतावर जिथे डाग दिसतो त्याच्या बरोबर वरची जागा खोदून सिमेंट भरणारा गवंडी दरवर्षी तेच काम पुन्हा करतो, ते यामुळेच. पाण्याची खरी वाट शोधायला आधी गच्चीवरची पाणी जाण्याची तोंडं बंद करून 24 ते 48 तास पाणी उभं करतात, खाली कुठे आणि किती वेळाने ओल उमटते ते लिहून ठेवतात, मग कोब्याचा निर्णय घेतात. आपली ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ ही म्हण याच अनुभवातून आलेली दिसते. जे दिसतं त्याचं कारण दुसरीकडे लपलेलं आहे, हे एका क्रियापदात सांगणारी भाषा आपल्याकडे आहे. तिथे ‘लीकेज’ ठेवून आपण काय मिळवलं?

मुरण्यात आणखी एक गोष्ट आहे, जी ‘पर्मिएट’मध्ये नाही: काळ, आणि काळाने होणारा बदल. कैरीचं लोणचं घ्या. किलोभर फोडींना साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लावतात. मीठ लावताच दोन गोष्टी एकदम सुरू होतात. फोडींतलं पाणी बाहेर येतं, ज्याला शास्त्रात परासरण म्हणतात. आणि मीठ, तिखट, मोहरीचा अर्क आत जातो, ज्याला विसरण म्हणतात. पहिल्या दिवशी फोड वरून खारट आणि आतून कोरी असते. तीन-चार आठवड्यांनी आतबाहेर एकच चव लागते, फोड नरम होते पण मोडत नाही. मीठ कमी पडलं, फोडी ओल्या राहिल्या किंवा तेल फोडींच्या वर आलं नाही, तर मुरण्याऐवजी बुरशी धरते. या सगळ्या व्यवहाराला मराठी बाई ‘लोणचं मुरलं’ असं दोन शब्दांत म्हणते, आणि त्यात मीठ आत गेलं, पाणी बाहेर आलं, वेळ लागला, पदार्थ बदलला आणि आता तो टिकेल, एवढं सगळं येतं. (जाता जाता: मुरांब्याचा मात्र मुरण्याशी संबंध नाही. तो अरबीतल्या ‘मुरब्बा’वरून आला. आपल्या कानाला त्यात ‘मुरणं’ आणि ‘आंबा’ ऐकू येतात, हा त्या क्रियापदाचा आपल्या मनावरचा पगडा.) म्हणूनच ‘मुरलेला राजकारणी’ म्हटलं की त्याने किती पावसाळे पाहिले ते कळतं. ‘राजकारणाने पर्मिएट झालेला’ असं म्हणून ते कळेल का?

आता समोरच्या बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करतो. परिभाषावाद्यांचा आक्षेप असा: ही क्रियापदं बोलण्यात गोड, पण त्यांच्यापासून शब्दांचं कुटुंब तयार होत नाही. इंग्रजीत एका धातूपासून पर्मिएबल, पर्मिएबिलिटी, इम्पर्मिएबल, सेमीपर्मिएबल एवढे शब्द निघतात. मुरण्यापासून काय काढणार? संस्कृतातून मात्र पार्य, पार्यता, अपार्य, अर्धपार्य अशी रांग उभी राहते. हा आक्षेप खरा आहे. समीकरणात, प्रयोगशाळेत, पाठ्यपुस्तकात एका संकल्पनेला एकच शब्द हवा आणि तो बदलता कामा नये. आठवी-नववीच्या मराठी विज्ञानात पेशीच्या आवरणाला ‘निवडक्षम पारपटल’ म्हणतात, म्हणजे काही पदार्थांना जाऊ देणारं आणि काहींना अडवणारं पटल. तो चांगला शब्द आहे, त्याला हात लावू नये. फ्रेंच अभियंता डार्सीने 1856 मध्ये वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा नियम मांडला आणि जर्मन शास्त्रज्ञ फिकने 1855 मध्ये विसरणाचा. एकात दाबामुळे प्रवाह जातो, दुसऱ्यात दाट भागाकडून विरळ भागाकडे रेणू पसरतात. हा भेद ‘झिरपणं’ या एका शब्दावर सोपवता येणार नाही.

पण म्हणून पार्यता बातमीत, सूचनेत, अहवालाच्या सारांशात आणायची का? परिभाषेचा शब्द जिथे मोजमाप आहे तिथे शोभतो. जिथे माणसाला काहीतरी करायला सांगायचं आहे तिथे तो आड येतो. शिवाय खुद्द इंग्रजीतली परिभाषाही वाटते तेवढी निर्दोष नाही. किनाऱ्यालगतच्या इमारतींसाठी काँक्रीटची एक प्रसिद्ध चाचणी आहे. 50 मिलिमीटर जाडीच्या चकतीला सहा तास 60 व्होल्टचा विद्युतदाब देतात आणि तिच्यातून किती विद्युतप्रभार गेला ते कूलोममध्ये मोजतात. हजाराच्या आत असला तर फार चांगलं, चार हजारांच्या वर गेला तर काळजी करायची. सगळं क्षेत्र तिला ‘रॅपिड क्लोराइड पर्मिएबिलिटी टेस्ट’ म्हणतं. प्रत्यक्षात ती पार्यता मोजतच नाही, विजेचं वहन मोजते आणि त्यावरून क्लोराइड किती अडेल याचा अंदाज बांधते. म्हणजे इंग्रजी नाव जसंच्या तसं घेऊनही नेमकेपणा हाती लागला नाही. मुंबईच्या घरमालकाला कळायला हवं ते वेगळं आहे. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं, आणि त्या फुगण्याने आतून काँक्रीट फुटून सळया उघड्या पडतात. म्हणून किनाऱ्यालगत सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ठेवायला भारतीय मानक 456 सांगतं, आणि ते 20 मिलिमीटरवर आणणारा कंत्राटदार इमारतीचं आयुष्य कापतो. या सगळ्या वाक्यात ‘पार्यता’ची गरज पडली का?

कुटुंब तयार होत नाही, हे म्हणणंही पूर्ण खरं नाही. झिरप, झिरपा, पाझर, दरवळ, ओल, ओलावा, निचरा ही सगळी नामंच आहेत. ज्याला इंग्रजीत ‘पर्मिएबल सॉइल’ म्हणतात, तिला आपला शेतकरी ‘पाण्याचा निचरा होणारी जमीन’ म्हणतो, आणि निचरा न होणाऱ्या, पाणी साचून पीक पिवळं पडणाऱ्या जमिनीला ‘चिबड’ म्हणतो. कृषी खात्याच्या पुस्तिकांतही हेच शब्द आहेत. त्यांना ग्रामीण म्हणून बाजूला सारायचं आणि मग मराठीत शब्दच नाहीत अशी खंत करायची, हा अन्याय आहे. शब्दाचं कुळ बघायचं तर इंग्रजीचंही बघावं. ‘पर्कोलेट’ लॅटिनमधल्या चाळणीपासून आला, ‘इन्स्टिल’ थेंबापासून, ‘इम्ब्यू’ भिजवण्यापासून, ‘सफ्यूज’ ओतण्यापासून. सगळे स्वयंपाकघरातून आणि रंगाऱ्याच्या पिंपातूनच आले. ते तिथून विद्यापीठात गेले तर मुरणं आणि झिरपणं का जाऊ नये?

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे इंग्रजी शब्द जसाच्या तसा घ्या म्हणणाऱ्यांचा आक्षेपही मला गंभीर वाटतो. मराठीने कायम उसनं घेतलं: बटाटा, पाव, पगार हे पोर्तुगिजांकडून, तारीख, जमीन, वकील, किल्ला हे फारसी-अरबीतून, टेबल, स्टेशन, डॉक्टर इंग्रजीतून. त्याने मराठी बुडाली नाही. शिवाय मुंबईत अभियंता, गवंडी आणि रहिवासी तीन वेगळ्या भाषांत विचार करतात आणि इंग्रजी शब्दावर भेटतात. घरातल्या शुद्धीकरण यंत्राचं माहितीपत्रक वाचणाऱ्याला ‘पर्मिएट’ आणि ‘रिजेक्ट’ हे नळ्यांवरचे शब्द ओळखता आलेच पाहिजेत, नाहीतर तो नळ्या उलट्या जोडेल. हे मान्य. तिथे ‘पर्मिएट’ हे नाम आहे, पडद्यातून पार गेलेलं पाणी, आणि ते यंत्राच्या भाषेतच राहू द्यावं. पण घेतलेले शब्द बहुतेक काय आहेत ते पाहा. बटाटा, तारीख, टेबल, डॉक्टर: सगळी नामं. नवी वस्तू आली, तिच्याबरोबर तिचं नाव आलं. क्रियापदाची गोष्ट वेगळी. इंग्रजी क्रियापद मराठीत आलं की त्याला ‘करणं’ किंवा ‘होणं’ची कुबडी लावावी लागते: ‘पर्मिएट होणं’, ‘परव्हेड करणं’. ती कुबडी लागली की क्रियापदाचं बळ जातं. आणि जुनं क्रियापद असताना नवं आणलं की जुनं हळूहळू तोंडातून जातं. बटाट्याने कुठल्या मराठी शब्दाला हुसकावलं नाही. ‘लीकेज’ने गळणं, झिरपणं, पाझरणं या तिघांना एकदम हुसकावलं आहे.

सगळ्यांत मोठं नुकसान पाण्याच्या विषयात नसून समाजाच्या विषयात होतं. इंग्रजी अग्रलेखात ‘परव्हेसिव्ह करप्शन’ लिहिलेलं असतं आणि मराठीत ते ‘व्यापक भ्रष्टाचार’ होऊन येतं. ‘व्यापक’ म्हणजे मोठ्या पसाऱ्याचा. पण लेखकाला काय म्हणायचं होतं? भ्रष्टाचार बोकाळला म्हटलं तर कुणाचा धाक उरला नाही. मुरला म्हटलं तर तो जुना आहे, सवयीचा झाला आहे. झिरपला म्हटलं तर वरून खाली आला. भिनला म्हटलं तर आता रक्तापासून वेगळा काढता येत नाही. ही चार वेगवेगळी निदानं आहेत आणि चारांचे उपाय वेगळे आहेत. भाषांतरकाराने ‘व्यापक’ लिहून निवड टाळली आणि वाचकाला अर्धवट माहिती दिली. हेच आजाराच्या नावात झालं. 1994 च्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात ‘परव्हेसिव्ह डेव्हलपमेंटल डिसऑर्डर’ असा एक गट होता. 2013 च्या आवृत्तीत तो जाऊन ऑटिझम स्पेक्ट्रम आला, ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो. जुन्या कागदांवर त्याचं मराठी ‘व्यापक विकासात्मक विकार’ असं केलं, तर आईवडील त्याचा अर्थ ‘फार मोठा, फार गंभीर विकार’ असा लावणार. मूळ शब्द तीव्रतेबद्दल काहीच सांगत नाही. तो एवढंच सांगतो की परिणाम विकासाच्या एकाच अंगावर नाही: बोलणं, इतरांशी वागणं, सवयी अशा अनेक अंगांत दिसतो. हे एक साधं वाक्य लिहिलं असतं तर त्या घराची एक रात्र कमी काळजीत गेली असती. यासाठी तरी प्रतिशब्दाचा हट्ट सोडायला नको का?

आणखी एक सामर्थ्य मराठी क्रियापदांत आहे, ज्याकडे या वादात कुणी पाहत नाही: त्यांची प्रयोजक रूपं. मुरणं-मुरवणं, जिरणं-जिरवणं, भिनणं-भिनवणं, रुजणं-रुजवणं. ‘हेट्रेड पर्मिएट्स सोसायटी’ या इंग्रजी वाक्यात द्वेष हाच कर्ता आहे, जणू तो आपल्या पायांनी चालत आला. मराठीत लिहिताना आपल्याला ठरवावं लागतं: समाजात द्वेष भिनला, की भिनवला? ‘भिनवला’ लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुणी? ‘समाज द्वेषाने व्यापलेला आहे’ असं शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर हा प्रश्न विचारूच देत नाही.

इतिहास काय सांगतो? 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांच्या दरबारात सुरनिसाचा सचिव झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश त्याच काळात तयार झाला. सचिव आजही मंत्रालयात आहे. पण तारीख, हुकूम, जमीन, किल्ला जागचे हलले नाहीत. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेला महापौर मुंबईने पुरता स्वीकारला. 1962 च्या पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून टर उडवली गेली, तरी त्यातली कितीतरी पदनामं पुढे सरकारी पाट्यांवर स्थिरावली. या सगळ्यांत रुजलेले शब्द पाहिले तर ती पदांची, संस्थांची, वस्तूंची नावं आहेत. नाव हुकमाने देता येतं. एखादी क्रिया कशी घडते ते सांगणारा शब्द हुकमाने येत नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशात एका इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची आणि वाक्प्रयोगांची रांग लागते. कोणत्या प्रसंगी कोणता, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. एकासमोर एक अशी शिस्त पुढच्या परिभाषा कोशांनी आणली, त्यांच्या कामासाठी ती योग्यही होती. चूक झाली ती ही शिस्त सगळ्या लेखनाला लावल्यामुळे.

आणि सरकारी मराठीला हे जमतच नाही असंही नाही. ‘पर्कोलेशन टँक’ला आपण ‘पाझर तलाव’ म्हणतो. 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर हजारो हातांनी पाझर तलाव खणले, आणि त्यातल्या एकालाही नावाचा अर्थ विचारावा लागला नाही. तलावाचं पाणी तळातून जमिनीत पाझरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं, हे काम नावातच सांगितलेलं आहे. ‘सोक पिट’चा ‘शोषखड्डा’ झाला: मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा, त्यात दगडगोटे, वर सांडपाण्याची नळी, गाळ अडवणारी जाळी नसेल तर वर्षा-दोन वर्षांत तो भरतो आणि पाणी शोषणं थांबतं. आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’! चार शब्दांची ही घोषणा ज्याने कुणी लिहिली असेल, त्याने ‘भूजल पुनर्भरण’ बाजूला ठेवून ‘जिरवा’ निवडलं, आणि भूजलशास्त्राचा एक धडा गावोगावच्या भिंतींवर गेला.

मुंबईतल्या लहान मुलांना ही क्रियापदं आता येत नाहीत, असं सांगितलं जातं. इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण तीच मुलं खेळताना ‘कशी जिरली!’ म्हणतात. शब्द त्यांच्याकडे आहे, फक्त त्याचं पाण्याशी असलेलं नातं कुणी दाखवलं नाही. ते दाखवायला नवा कोश नको. शाळेच्या आवारात फरसबंदी काँक्रीटची आहे की फटी सोडून बसवलेल्या ठोकळ्यांची, आणि दोन्हींवर एकेक बादली पाणी ओतलं तर कुठे वाहून जातं नि कुठे जिरतं, एवढं एकदा पाहू दिलं तरी पुरे.

सोसायट्यांच्या आणि पालिकेच्या सूचना लिहिणाऱ्यांनी लिहिण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत: काय पसरतं आहे, कशातून, ते तिथेच राहतं की पार जातं, आणि परत काढता येतं का. उत्तरं मिळाली की क्रियापद आपसूक येतं. ‘टेरेस वॉटरप्रूफिंगमधून सीपेज पर्मिएट होत असल्याने सदस्यांनी सहकार्य करावे’ ही सूचना मग अशी होईल: ‘गच्चीच्या कोब्यात पाणी मुरत आहे आणि ते सातव्या मजल्यावर झिरपते आहे. शनिवार-रविवार गच्चीची तोंडं बंद करून पाणी उभं करणार आहोत. तुमच्या छताला ओल दिसली तर जागा आणि वेळ लिहून कार्यालयात द्या.’